पिवळ्या बसच्या मागची गोष्ट

शॉमबर्ग म्हटलं की बहुतेकांना आधी वुडफील्ड मॉल आठवतो, मग आयकिया, आणि जुन्या मंडळींना मोटोरोला. १९५६ साली हे गाव रीतसर 'व्हिलेज' झालं तेव्हा इथली लोकसंख्या अवघी १३० होती. सगळीकडे जर्मन शेतकऱ्यांची शेतं आणि गोठे. १९७१ मध्ये वुडफील्ड उघडला, १९७६ मध्ये मोटोरोलाचं मुख्यालय इथे आलं आणि त्यापाठोपाठ आपल्यासारखी मंडळी अपार्टमेंट शोधत आली. घर घेताना प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "शाळा कशा आहेत?" आठवीपर्यंत डिस्ट्रिक्ट ५४ आणि पुढे हायस्कूलसाठी डिस्ट्रिक्ट २११, ही नावं आपल्याला गल्लीच्या नावांसारखी पाठ असतात.

सकाळी आपल्या सबडिव्हिजनमध्ये मोठी पिवळी बस येते, तशीच एक छोटी पिवळी बसही येते. ती एखाद्या घराच्या अगदी दारापाशी थांबते. आत ड्रायव्हरबरोबर एक मदतनीस असते. ज्यांच्या मेंदूची घडणच वेगळी आहे अशी मुलं त्या बसमधून शाळेत जातात. कुणाला ऑटिझम आहे, कुणाला डाउन सिंड्रोम, कुणाला आणखी काही. आपल्या मराठी घरांसमोरही ती बस थांबते. ती सरकारकृपेने आपोआप आली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिच्यामागे आई-वडिलांनी दिलेला तीस-चाळीस वर्षांचा लढा आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या या शिकागोच्या आसपास घडला आहे. म्हणून यंदा तो इतिहास लिहायचं मी ठरवलं.

एकच साल, दोन शाळा

१९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक निबंध लिहिला. ही मुलं आपल्याच विश्वात रमणारी, ठरलेला क्रम बदलला की कासावीस होणारी होती. या अवस्थेला त्यांनी 'ऑटिझम' हे नाव वापरलं. मराठीत आपण तिला आज स्वमग्नता म्हणतो.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलची सूत्रं ब्रूनो बेटलहाइम यांच्याकडे आली. मूळचे व्हिएन्नाचे, ज्यू, डाखाव आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावण्यांतून सुटून १९३९ मध्ये अमेरिकेत आलेले हे गृहस्थ. छावणीतला कैदी जसा जगाकडे पाठ फिरवून आत मिटून जातो तसंच हे मूल मिटतं, असं त्यांचं म्हणणं. आणि मूल मिटतं कशामुळे? तर आईच्या थंडपणामुळे! 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द त्या काळात रूढ झाला. १९६७ मध्ये आलेल्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या बेटलहाइम यांच्या पुस्तकाने तर ही कल्पना घरोघरी पोचवली. मुलं शाळेतच राहायची. आई-वडिलांना मुलांच्या खोल्यांपर्यंत प्रवेश नव्हता. आजार घरातून आला, म्हणून घर बाहेर ठेवायचं, असा हा हिशेब होता.

आता योगायोग पाहा. त्याच १९४४ साली आपल्या मुंबईत होरमसजी आणि जय वकील या पारशी दांपत्यापुढे प्रश्न होता त्यांच्या मुलीचा, दीनाचा. तिच्या बुद्धीची वाढ इतर मुलांसारखी नव्हती आणि तिला शिकवील अशी शाळा नव्हती. मग त्यांनी स्वतःच्याच घरात शाळा सुरू केली, दीना आणि आणखी काही मुलांना घेऊन. हीच पुढे शिवडीची जय वकील शाळा झाली. आज ती ऐंशी वर्षांहून जुनी आहे. आईचंच नाव त्या शाळेला मिळालं.

एकाच साली सुरू झालेल्या या दोन वाटा. एका शाळेने आईला गुन्हेगार ठरवून दाराबाहेर ठेवलं, आणि दुसरी शाळा आईच्याच दिवाणखान्यात जन्मली. पुढच्या काळात टिकली ती दुसरी वाट.

यावरून आपली संस्कृती थोर आणि त्यांची वाईट असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. आपल्याकडेही दोष आईलाच दिला जायचा, फक्त शब्द निराळे. गरोदरपणी ग्रहण पाहिलं असेल, मागच्या जन्मीचं काही असेल, सुनेच्या माहेरी कुणी असेल. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक नव्हता, पण त्याची झळ त्यांच्या घरांतही पोचत होतीच.

दोष झटकून उभे राहिलेले आई-वडील

शॉमबर्गच्या आसपास १९५० च्या दशकात नवी घरं उठत होती. त्या घरांतही अशी मुलं होती आणि त्यांना घ्यायला पब्लिक स्कूल बांधील नव्हतं. "तुमच्या मुलासाठी आमच्याकडे काही नाही," असं सांगितलं की विषय संपायचा. बहुतेक डॉक्टर एकच सल्ला द्यायचे की संस्थेत ठेवा आणि विसरा. काही पालकांनी तो ऐकला नाही. त्यांनी एकत्र येऊन १९५५ मध्ये क्लियरब्रुक सुरू केलं. १९५९ मध्ये पॅलाटाइनला 'लिटल सिटी' उभी राहिली, तीही पालकांच्याच पुढाकाराने. रोजच्या येण्याजाण्यात आपण या नावांच्या पाट्या पाहतो, पण त्यांच्यामागे कुणाच्या तरी आई-बाबांची स्वयंपाकघरातली मीटिंग आहे हे आपल्या लक्षात येत नाही. तिकडे पुण्यात १९६४ मध्ये 'कामायनी' सुरू झाली होती.

१९६४ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा मार्क स्वमग्न होता. त्यांनी त्या वर्षी पुस्तक लिहून दाखवून दिलं की ऑटिझमचं मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे. आईच्या मायेशी त्याचा संबंध नाही. पुढच्या वर्षी त्यांनी आणि इतर पालकांनी मिळून राष्ट्रीय संघटना काढली. १९६९ मध्ये त्या संघटनेच्या वॉशिंग्टनच्या सभेत खुद्द डॉ. कॅनर उभे राहिले आणि पालकांना त्यांनी जाहीरपणे निर्दोष ठरवलं. सभागृहातल्या आयांना काय वाटलं असेल याची कल्पना करा!

शिकागोतही त्या सुमारास वारं फिरलं होतं. पार्क डिस्ट्रिक्टमध्ये शिकवणाऱ्या ॲन मॅकग्लोन या तरुणीची कल्पना आणि युनिस केनेडी श्रायव्हर यांचं पाठबळ यातून २० जुलै १९६८ रोजी सोल्जर फील्डवर पहिलं स्पेशल ऑलिम्पिक्स झालं. सुमारे हजार खेळाडू मैदानात उतरले. ज्यांना लपवायचं असतं ती मुलं शहराच्या सर्वांत मोठ्या मैदानावर धावली. इलिनॉयने १९६५ मध्येच कायदा केला होता की १९६९ पर्यंत प्रत्येक डिस्ट्रिक्टने अशा मुलांच्या शिक्षणाची सोय करायचीच. योगायोग असा की शिकागोचं महाराष्ट्र मंडळही त्याच १९६९ सालचं. आपण इथे पहिले गणपती आणि पहिल्या दिवाळ्या साजऱ्या करत होतो, तेव्हा आपले शेजारी ही लढाई लढत होते.

मग आला २९ नोव्हेंबर १९७५. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क दिला. काँग्रेसनेच त्या कायद्यात नोंदवलं होतं की देशातल्या ८० लाखांहून अधिक अपंग मुलांपैकी निम्म्यांहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही, आणि १० लाख मुलं तर शाळेबाहेरच आहेत. १९९० मध्ये याच कायद्यात ऑटिझम हा स्वतंत्र प्रकार म्हणून आला.

बेटलहाइम १९९० मध्ये वारले. त्यानंतर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मारहाणीच्या तक्रारी उघडपणे मांडल्या, त्यांच्या पदव्यांबद्दलचे दावेही खोटे निघाले. शिकागोच्याच कार्टेमक्विन फिल्म्सने २००२ मध्ये 'रेफ्रिजरेटर मदर्स' हा माहितीपट काढला. म्हाताऱ्या झालेल्या आयांनी त्यात तोंड उघडलं आहे. मिळाला तर जरूर पाहा.

टेबलाभोवतीची एक खुर्ची

१९७५ च्या कायद्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे एक खुर्ची. प्रत्येक मुलाची स्वतंत्र शिक्षण योजना, म्हणजे आयईपी, ठरवताना शिक्षक, थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ यांच्या बरोबरीने आई-वडिलांची खुर्ची त्या टेबलाशी असलीच पाहिजे, असं कायदा सांगतो. ज्या शहरात तीस वर्षांपूर्वी आईला शाळेच्या दाराशी अडवलं होतं, तिथे आता आईला मीटिंगला बोलवावंच लागतं.

अशा शाळेत समाज कसा बनतो हे पाहण्यासारखं असतं. भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक असतं, म्हणजे पुढे काय होणार हे मुलाला आधी कळतं. आवाजाचा त्रास झाला की बसायला एक शांत कोपरा असतो. जेवणाच्या सुट्टीत वर्गातली दोन-चार मुलं 'बडी' म्हणून शेजारी बसतात. आपली 'नॉर्मल' मुलं यातून जेवढं शिकतात तेवढं कुठल्याही संस्कारवर्गात शिकत नसतील. शाळा सुटल्यावरचीही सोय आहे. १९७४ मध्ये आपल्या भागातल्या पार्क डिस्ट्रिक्ट्सनी मिळून नॉर्थवेस्ट स्पेशल रिक्रिएशन असोसिएशन काढली. आज शॉमबर्गसह १७ पार्क डिस्ट्रिक्ट्स तिच्यात आहेत. पोहणं, बोलिंग, समर कँप, सगळं तिथे मिळतं.

आपण कुठे आहोत?

भारतातही पालकच पुढे आले. दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बारुआ या आईने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. मुंबईत १९९६ मध्ये महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन निघाली. १९९१ मध्येच 'चौकट राजा' आला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि त्याची आई झालेल्या सुलभा देशपांडे पाहून आपण सगळे रडलो. १९९५ च्या अपंग कायद्यात मात्र ऑटिझमचं नाव नव्हतं. ते यायला २०१६ चा कायदा यावा लागला.

आणि आपण, इथले मराठी लोक? आपण इथे आलो तेव्हा लढाई संपलेली होती, बस दारात उभी होती. आपल्याला हक्क मिळाले, पण ते मिळवताना जी माणसं एकमेकांची झाली त्यांच्यात आपण नव्हतो. त्यामुळे सेवा घ्यायची, पण कुणाला सांगायचं नाही, असं आपल्या बऱ्याच घरांत झालं. मंडळाच्या कार्यक्रमाला नवरा-बायको आळीपाळीने येतात. "अहो, थोरला कुठे दिसत नाही?" "त्याचा अभ्यास आहे." आणि विषय बदलतो. पॉटलकला बोलावणं हळूहळू बंद होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे मूठ झाकून ठेवण्याची किंमत मूल मोजतं.

ती किंमत भाषेतही मोजली गेली आहे. एकेकाळी तज्ज्ञ सर्रास सांगायचे की मुलाला उशिरा बोलता येतं तर घरी फक्त इंग्रजी बोला. अनेक घरांत मराठी बंद झाली आणि आजीशी असलेला मुलाचा उरलासुरला धागा तुटला. नंतरच्या संशोधनात दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं असं काही आढळलं नाही. तेव्हा अंगाई मराठीतच म्हणा, बिनधास्त.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. इलिनॉयमध्ये आयईपीत पुढच्या आयुष्याचा विचार साडेचौदाव्या वर्षापासून सुरू व्हावा लागतो. शाळेची सेवा मिळते ती जास्तीत जास्त बाविसावा वाढदिवस ज्या शालेय वर्षात येतो त्याच्या अखेरपर्यंत. त्यानंतर ती पिवळी बस येणं थांबतं. पुढे नोकरीसाठी मदत, दिवसाचं केंद्र, राहायची सोय यांसाठी राज्याची एक यादी आहे, तिला 'पन्स' म्हणतात. तिच्यात नाव नोंदवावं लागतं आणि नंबर लागायला वर्षं जातात. नाव आपोआप जात नाही. "इतक्यात कशाला, लोकांना कळेल," म्हणून जे थांबतात, त्यांचं मूल बाविसाव्या वर्षी सोफ्यावर बसून राहतं आणि आई नोकरी सोडते. तुमच्या घरात असं मूल असेल तर या दिवाळीच्या सुट्टीतच चौकशी करा. शेजारी असेल तर त्यांना सांगा.

आणि मंडळासाठी एक सूचना. सीडीसीच्या २०२५ च्या अहवालानुसार या देशात आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एक स्वमग्न आहे. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला शंभर मुलं येत असतील तर त्यांत तीन असायला हवीत. ती दिसत नाहीत, याचा अर्थ ती घरी आहेत. हॉलशेजारची एक खोली शांत ठेवा, तिथे दिवे मंद असू द्या. स्पीकर थोडा हळू लावा. कार्यक्रमपत्रिका आधी पाठवा, म्हणजे आई मुलाला ती चित्रांतून समजावून सांगेल. एखादं मूल नाटक चालू असताना मध्येच टाळ्या वाजवत उठलं तर मागे वळून पाहू नका. याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

क्लियरब्रुकच्या पालकांकडे १९५५ मध्ये ना कायदा होता ना पैसा. होती ती एकमेकांची ओळख. शाळा त्यानंतर आली. आपल्याकडे शाळा आहे, कायदा आहे, बस आहे. ओळख तेवढी राहिली आहे. ती करून घेऊ या.

शुभ दीपावली!