लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीतील दोषनिदान

लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीतील दोषनिदान : एकच नेम धरून झाडलेल्या गोळ्या दूरच्या लक्ष्यावर एकाच ठिकाणी का लागत नाहीत, हे शोधण्याची पद्धत. या नेमबाजीत सामान्यतः सु. २७५ ते ९१५ मी. (३०० ते १,००० यार्ड) पल्ले वापरतात. चूक दोन प्रकारची असते : सर्व गोळ्या एकत्र, परंतु मध्यापासून दूर लागणे (विचलन) आणि गोळ्या इतस्ततः लागणे (विखुरण). विचलन वेधसाधनाच्या फेरजुळणीने दूर होते. विखुरणाचे मूळ मात्र शोधावे लागते. हा भेद न केल्यास रायफलीचा दोष नेमबाजाच्या आणि नेमबाजाचा दोष रायफलीच्या माथी मारला जातो.

इतिहास : या शोधाचा शास्त्रीय पाया इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स (१७०७–५१) यांनी घातला. १७४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तोफविद्येवरील ग्रंथात त्यांनी लंबकाच्या साहाय्याने गोळीचा वेग मोजण्याची रीत दिली. गुळगुळीत नळीच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणाने गोळीला अनियमित परिवलन मिळते व ती हवेत बाजूला वळते, असे त्यांनी दाखविले. नळीतील सर्पिल आट्यांमुळे गोळी स्वतःच्या अक्षाभोवती नियमितपणे फिरते व हा दोष टळतो. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत रॉबिन्स भारतात आले व कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे त्यांचा मृत्यू झाला.

१८५३ च्या एनफील्ड रायफलीच्या बाबतीत निराळाच प्रश्न उद्‌भवला. एकाच नमुन्याच्या काही रायफली उत्तम मारा करीत, तर काही करीत नसत. यंत्राने रायफली बनविण्याचे काम जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी आधी या फरकाचे कारण शोधण्याचा आग्रह धरला. त्यासाठी मँचेस्टर येथे ५०० यार्ड लांबीचा बंदिस्त मार्ग बांधण्यात आला व त्यात पातळ कागदाचे पडदे लावून गोळीचा मार्ग तपासण्यात आला. वाऱ्याचा परिणाम वगळल्यामुळे नळी व गोळी यांचे दोष वेगळे ओळखता आले. एनफील्डच्या आट्यांना एका फेऱ्यासाठी ७८ इंच लांबी लागे. व्हिटवर्थ यांनी ती २० इंचांवर आणली, नळीचा व्यास घटविला व गोळी लांबट केली. १८५७ च्या तुलनात्मक चाचणीत ५०० यार्डांवर एनफील्डचे सरासरी विखुरण २·२४ फूट, तर व्हिटवर्थ रायफलीचे ०·३७ फूट भरले. २ जुलै १८६० रोजी विंबल्डन येथील स्पर्धांचे उद्‌घाटन करताना राणी व्हिक्टोरिया यांनी आधारावर पक्की बसविलेली व्हिटवर्थ रायफल ४०० यार्डांवरून झाडली. गोळी मध्याजवळ सव्वा इंचाच्या आत लागली. अमेरिकेतील फ्रँक्लिन मान यांनी इंग्रजी व्ही आकाराच्या भक्कम आधारावर नळी ठेवून दीर्घकाळ प्रयोग केले आणि गोळीच्या बुडाची विकृती व असंतुलन यांचे महत्त्व १९०९ च्या ग्रंथात मांडले.

निदान : लक्ष्यावरील छिद्रांची मांडणी हा निदानाचा मुख्य पुरावा होय. छिद्रे उभ्या रेषेत पसरल्यास दारूच्या भारातील असमानता किंवा श्वासावरील अपुरा ताबा यांचा संशय येतो. ७·६२ मिमी. रायफलीच्या गोळीचा आरंभीचा वेग एक टक्क्याने बदलला, तरी सु. ९०० मी. वर तिची उंची सु. २० सेंमी. ने बदलते. छिद्रे आडवी पसरल्यास वारा किंवा घोडा (चाप) ओढताना बसणारा हिसका कारणीभूत असतो. ताशी १६ किमी. वेगाचा आडवा वारा त्याच पल्ल्यावर गोळीला दोन मी. हून अधिक बाजूला नेतो. नळी तापत जाईल तसतशी छिद्रे एकाच दिशेने सरकत गेल्यास लाकडी दस्ता नळीला टेकत असल्याची शक्यता असते. लांबट छिद्रे गोळीला पुरेसे परिवलन नसल्याचे दर्शवितात. छिद्रांच्या मांडणीत काहीच नियम दिसत नसेल, तर वेधसाधनाचे सैल स्क्रू व नळीच्या मुखाची कड प्रथम तपासतात. विदर्भासारख्या उष्ण प्रदेशात दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवेच्या थरथरीने लक्ष्य मूळ जागेवरून हललेले भासते; हा दोष रायफलीचा नव्हे. एका वेळी एकच घटक बदलावा व निष्कर्ष दोन-तीन गोळ्यांवरून न काढता अनेक गोळ्यांच्या गटांवरून काढावा, हा सर्वमान्य नियम आहे.

महाराष्ट्र : पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. १९५८ मध्ये स्थापन झालेली शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था पुण्यातील पाषाण येथे आहे. क्रीडाक्षेत्रात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रोन (पालथे पडून नेमबाजी) प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले, तर कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. हा पल्ला लहान असला, तरी लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०·४ मिमी. असतो. त्यामुळे या प्रकारातही रायफल पकडीत घट्ट बसवून निरनिराळ्या उत्पादन-गटांची काडतुसे तपासतात आणि त्या रायफलीला मानवणारा गट निवडतात. नेमबाजाचा हात वगळून साधनाची परीक्षा करण्याचे व्हिटवर्थ व मान यांचे तत्त्व येथेही लागू पडते.