कबुलीची पायरी

मराठीत ‘अंमल’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. सरकारचा अंमल बसतो आणि दारूचाही अंमल चढतो. एकाच अरबी शब्दाची ही दोन रूपे कचेरीच्या दप्तरात आणि गुत्त्याच्या ओट्यावर सारख्याच सहजतेने वावरतात, आणि ज्या कोणी हा शब्द पहिल्यांदा नशेला लावला, त्याला व्यसन म्हणजे परक्याच्या हुकमतीत जाणे होय, ही गोष्ट पुस्तकावाचून ठाऊक असली पाहिजे. या हुकमतीतून सुटण्याचा एक मार्ग बुद्धाच्या भिक्षुसंघात घडला आणि दुसरा 1935 साली अमेरिकेच्या ओहायो प्रांतात. दोहोंची सांगड घालण्याचे प्रयत्न गेल्या काही दशकांत पुष्कळ झाले. परंतु त्यांची चर्चा करणारे बहुधा ईश्वराच्या प्रश्नापाशीच अडून बसतात, आणि हे दोन मार्ग ज्या ठिकाणी खरोखर एकमेकांना भेटतात ते ठिकाण त्यांच्या नजरेतून निसटते.

ते ठिकाण पाहावयाचे तर विनयपिटकातील, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमग्रंथातील, सागत भिक्षूची हकीकत वाचावी. भद्दवतिका गावाजवळ एका जटिल तापसाच्या अग्निशाळेत राहणाऱ्या भयंकर नागाला सागताने आपल्या तेजोबलाने नमविले, आणि त्याची कीर्ती त्याच्या आधीच कौशांबीला जाऊन पोहोचली. तेथील उपासकांनी मोठ्या भक्तिभावाने विचारले की, आर्यांना दुर्लभ आणि प्रिय अशी कोणती वस्तू आम्ही अर्पण करावी? सागत काही बोलण्यापूर्वीच संघातील सहा खोडकर भिक्षूंच्या टोळक्याने, ज्यांचा उल्लेख विनयात जागोजाग येतो, उत्तर देऊन टाकले: कबुतराच्या रंगाची निर्मळ सुरा. दुसऱ्या दिवशी घरोघर ती तयार होती; सागत प्रत्येक दारी थोडी थोडी घेत गेला आणि नगराबाहेर पडताना वेशीतच कोसळला. बुद्धाने त्याला उचलून विहारात आणविले. भिक्षूंनी त्याचे डोके बुद्धाकडे करून त्याला निजविले, तर तो कूस बदलून नेमके पाय बुद्धाकडे करून झोपला. तेव्हा बुद्धाने शिव्याशाप दिले नाहीत. त्याने विचारले की, नागाला जिंकणारा हा सागत आता नागाशी झुंजू शकेल काय? जातकातल्या पाठात तर साध्या पाणसापाचे नाव आहे.

मद्यपानाविरुद्धचा नियम या प्रसंगातून निघाला, आणि त्याची वर्गवारी पाहण्यासारखी आहे. हा गुन्हा ‘पाचित्तिय’ वर्गातला, म्हणजे दुसऱ्या भिक्षूसमोर कबूल करताच ज्याचे क्षालन होते अशांपैकी. त्याला दंड नाही, फटके नाहीत, हद्दपारी नाही. अपराध्याने उत्तरीय एका खांद्यावर घेऊन उकिडवे बसावे, हात जोडून घडले ते सांगावे; ऐकणाऱ्याने विचारावे, दोष दिसतो काय? त्याने म्हणावे, होय, दिसतो. मग पुढे संयम राखण्याविषयी एक वाक्य, आणि प्रकरण दप्तरी दाखल. ऐकणाऱ्याला पुरोहिताचा अधिकार नसतो. तो स्वतः उद्या याच जागी बसू शकेल असा दुसरा एक भिक्षू, इतकेच.

आता ओहायोतले ॲक्रन शहर. न्यू यॉर्कच्या शेअरबाजारातला बिल विल्सन हा दारूने धुळीस मिळालेला आणि नुकताच सावरलेला मनुष्य, मे 1935 मध्ये एक व्यवहार फसल्यामुळे तेथील मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात येरझारा घालीत होता; एका टोकाला मद्यालयाचा गलबला आणि दुसऱ्या टोकाला शहरातल्या चर्चची यादी लावलेला फलक. त्याने फलकाकडे जाऊन टेलिफोन केला, आणि त्या धाग्याने 12 मे रोजी त्याची डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशी गाठ पडली. डॉक्टरसाहेब स्वतः पक्के मद्यपी. मोठ्या नाखुशीने त्यांनी पंधरा मिनिटांची मुदत दिली होती, पण बैठक उठली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उपदेश ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. विल्सनने उपदेश न करता आपली स्वतःची फजिती सांगितली. डॉक्टरांचा अखेरचा प्याला 10 जूनचा म्हणून नोंदला गेला, आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संस्था आपला जन्मदिवस तोच मानते.

या संस्थेच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या कागदावर आल्या 1938 च्या अखेरीस आणि पुस्तकरूपाने छापल्या गेल्या 1939 मध्ये. त्यांतला पुष्कळ ऐवज फ्रँक बुकमन यांच्या ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीतून उचललेला होता: आपल्या दोषांची झडती घेणे, ते दुसऱ्याजवळ कबूल करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे. पाचव्या पायरीत ईश्वराजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका मनुष्याजवळ कबुली द्यावयाची असते. हा तिसरा मनुष्य पाद्रीच पाहिजे असे बंधन नाही. कौशांबीचा भिक्षू आणि ॲक्रनचा डॉक्टर या एका ओळीत शेजारी शेजारी बसतात.

ईश्वराचे भांडण मात्र पहिल्यापासूनचे. मसुदा तयार होत असतानाच मंडळींतल्या नास्तिकांनी हरकत घेतली, तेव्हा ज्याला जसा समजेल तसा ईश्वर, अशी तडजोडीची शब्दयोजना करून ती मिटविण्यात आली. पुढे 1957 साली संस्थेच्या इतिहासग्रंथात विल्सनने सयामातून आलेली एक हकीकत नमूद केली: तेथील एका मोठ्या विहाराच्या प्रमुखाला या पायऱ्या दाखविल्या असता तो म्हणाला की, पायऱ्या उत्तम आहेत, ‘ईश्वर’ ऐवजी ‘शुभ’ असे असते तर आम्हां बौद्धांना थोडे अधिक रुचले असते, पण ‘जसा समजेल तसा’ म्हटल्यावर त्यात शुभही आलेच. त्या भिक्षूने जो दावा दोन वाक्यांत निकालात काढला, त्याच्यावर पुढच्यांनी ग्रंथच्या ग्रंथ खर्ची घातले.

मला अधिक नवलाचे वाटते ते मुदतीचे साम्य. बारा पायऱ्यांच्या सभांत जन्मभराची शपथ कोणी घेत नाही. फक्त आजचा दिवस, चोवीस तास, इतकाच करार. उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी गृहस्थाने घ्यावयाचे अष्टशीलही असेच, एक दिवस आणि एक रात्र एवढ्याच मुदतीचे. जन्मभराच्या नावाने भिणारा मनुष्य एका अहोरात्रीला तयार होतो, हे त्या व्यवहारचतुर प्राचीनांनी ओळखले होते.

याच्या अगदी उलट रीत सयामच्याच, म्हणजे थायलंडच्या, सराबुरी प्रांतातील थामक्राबोक मठाची. फील्डमार्शल सरित यांच्या सरकारने अफूवर बंदी घातली त्या 1959 च्या सुमारास तेथे अफूबाजांचा इलाज सुरू झाला. पोलीसखाते सोडून भिक्षू झालेले चामरून पार्नचांद हे त्याचे प्रमुख. 1975 साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. तेथे आधी ‘सच्च’, म्हणजे सत्याची प्रतिज्ञा, आणि मग वनौषधींचा काढा. रुग्ण ओळीने नालीसमोर गुडघे टेकून बसतात, काढा घशाखाली उतरवून वर बादलीभर पाणी पितात आणि ओकतात. मागे बाकीचे रुग्ण ढोल वाजवीत गाणी म्हणत असतात. प्रतिज्ञा मोडून परत आलेल्याला पुन्हा घ्यावयाचे नाही, असा तेथला जुना शिरस्ता. मला तो कठोर वाटतो. सागताच्या वाट्याला आलेला नियम अधिक माणुसकीचा होता.

पाश्चात्त्यांच्या ग्रंथांची यादी देत बसत नाही. केविन ग्रिफिन यांचे बुद्धधर्म आणि बारा पायऱ्या या विषयावरील पुस्तक 2004 चे. 2013 साली व्हॅलेरी मेसन-जॉन आणि परमबंधु ग्रोव्ह्ज या जोडीने बारांच्या जागी आठच पायऱ्या मांडल्या आणि ईश्वर वगळला. हे दोघे ज्या त्रिरत्न संघाचे, त्याचे संस्थापक संघरक्षित हे 6 डिसेंबर 1956 रोजी, डॉ. आंबेडकरांच्या निधनाची वार्ता आली तेव्हा, नागपुरात होते आणि त्या रात्रीच्या शोकसभेत बोलले होते. त्याआधी दोनच महिने त्याच नगरीत लाखोंनी पंचशीलाबरोबर बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या होत्या, आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांत स्वतंत्रपणे घातलेली होती. पाली भाषेतले पाचवे शील मराठीत कानावर पडावे, ही बाबासाहेबांची दूरदृष्टी.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या वर्गात भरणाऱ्या बारा पायऱ्यांच्या सभेला, बाहेरच्यांना मुभा असलेल्या दिवशी, मी गेलो होतो. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे दुमडून बसली होती. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उभे राहिले, प्रघाताप्रमाणे नाव आणि आजार सांगून म्हणाले, “पंचशील मी लहानपणापासून म्हणतोय. विहारात म्हणताना तोंडाला वास यायचा, आणि शेजारचा थोडा सरकून बसायचा. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.” एवढे बोलून ते खाली बसले. पुष्कळ वेळ कोणीच बोलले नाही. सभा आटोपल्यावर चहाचे पेले विसळण्याची पाळी त्यांचीच होती.

या सभांत आडनाव सांगण्याची चाल नाही. संघाने मात्र सागताचे नाव लपविले नाही, आणि वेशीतल्या त्या प्रसंगावरच त्याला संपविलेही नाही: आपापल्या गुणांत अग्रगण्य ठरलेल्या शिष्यांची जी नामावली अंगुत्तरनिकायात आहे, तीत तेजोधातूच्या साधनेत निपुण म्हणून जे नाव आहे, ते त्याचेच.