केंब्रिजचे रँग्लर

१८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिज विद्यापीठांत सीनिअर रँग्लर झाले आणि ‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्रांत एखाद्या बिरुदाप्रमाणें नांवामागें लागूं लागला. त्याचा मूळ अर्थ मात्र नुसता भांडखोर! जुन्या काळीं तेथें उमेदवारानें लॅटिन भाषेंत वाद घालून आपला पक्ष राखावयाचा असे. पुढें लेखी परीक्षा आली, तरी नांव तेंच राहिलें.

पदवी दोन तऱ्हेची असे. बेताचा अभ्यास करणाऱ्यास साधी पदवी, आणि ट्रायपॉस ही कठीण परीक्षा देणाऱ्यास ‘ऑनर्स’. गणिताच्या ऑनर्समध्यें रँग्लर, सीनिअर ऑप्टिमी व ज्युनिअर ऑप्टिमी असे तीन वर्ग असत. पण तेवढ्यानें विद्यापीठाचें समाधान होत नसे; वर्गाच्या आंतही प्रत्येकाचा क्रमांक जाहीर होई. अगदीं तळाच्यास त्याचे सोबती भला मोठा लाकडी चमचा देत. परांजपे यांचा पहिला क्रमांक जॉर्ज बर्टविसल यांच्यासह समान होता.

या क्रमांकापायीं अभ्यासाची शर्यत झाली. एडवर्ड राउथ या एकाच खासगी शिक्षकाच्या हाताखालून पंचवीसांहून अधिक सीनिअर रँग्लर निघाले! गणिताच्या गोडीपेक्षां प्रश्न झटपट सोडविण्याची हातोटी अधिक मोलाची ठरली. अखेर १९०९ नंतर क्रमांक बंद झाले. वर्गांतील नांवें वर्णानुक्रमें लागूं लागलीं.

परंतु क्रमांकाच्या त्या दिवसांतच एक विलक्षण प्रसंग घडला. स्त्रियांस १८८१ पासून ट्रायपॉसला बसण्याची रीतसर मुभा होती, पदवीची नव्हती. त्यांची यादी पुरुषांमागून निराळी वाचीत व अमुक पुरुषाच्या वर, अमुकाच्या खालीं, असें त्यांचें स्थान सांगत. ७ जून १८९० रोजीं न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांचें नांव आलें. पार्लमेंटांत हिंदुस्थानची बाजू मांडणारे अंध अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांची ही कन्या. त्यांचें स्थान वाचलें गेलें तें ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ असें! तरीही सीनिअर रँग्लर हा मान त्यांच्या खालच्या पुरुषाकडेच राहिला, आणि फॉसेट यांना पदवीही मिळाली नाहीं.

१९२१ सालीं विद्यापीठानें स्त्रियांना नांवापुरती पदवी देऊं केली. पूर्ण पदवी १९४८ सालीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत फिलिपा फॉसेट निवर्तल्या.