मांडीवरची निळी रेघ

७२ तास आधी. शुक्रवार, सकाळी ६

चिऊच्या उजव्या मांडीवर फोड दिसला. मटकीच्या दाण्याएवढा, भोवती लालसर. वय तीन वर्षं, वजन १३ किलो. सासूबाई म्हणाल्या, डास चावला असेल. मलाही तेच वाटलं. हळद लावून तिला बालवाडीत सोडलं. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या दादाच्या गुडघ्यावर असंच गळू झालं होतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय औषध आणलं, तीन दिवसांत गळू फुटलं, औषध बंद केलं. दोघांचा टॉवेल एकच. त्या सकाळी यातलं काही मला आठवलं नाही.

५९ तास. शुक्रवार, संध्याकाळी ७

फोड सुपारीएवढा, ताप १०१. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जागा बधिर करून छोटा छेद दिला. तिचं डोकं छातीशी धरून मी तोंड फिरवलं होतं. घट्ट पिवळा पू निघाला, चमचाभर असेल. त्यांनी तो गॉजने टिपला आणि गॉज पायाशी ठेवलेल्या बादलीत टाकला.

त्या बादलीपाशी माझं मन अजून जातं. तो पू निर्जंतुक काडीवर घ्यायचा, नळीत घालायचा, नाव आणि तारीख लिहून प्रयोगशाळेत पाठवायचा, एवढंच करायचं होतं. जंतू वाढायला साधारण एक दिवस लागतो, तो कोणत्या औषधाला दाद देतो हे कळायला आणखी एक. रविवारी संध्याकाळी उत्तर हातात असतं. डॉक्टर निष्काळजी नव्हते. लहान गळू पू काढल्यावर बहुतेक वेळा बरं होतं, आणि तालुक्याच्या गावात ही तपासणी कुणी मागत नाही. मीही मागितली नाही. पण ताप आलेल्या लहान मुलाचा पू फेकून द्यायचा नसतो. हे मी आता भेटेल त्या प्रत्येक आईला सांगते.

औषध मिळालं ते अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक अॅसिडचं. पावडरीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं, बाटली हलवली, फ्रिजच्या दारात ठेवली. दर बारा तासांनी. मी मोबाइलवर अलार्म लावला.

३९ तास. शनिवार, दुपारी ३

पॅरासिटॅमॉलने ताप उतरला. तिने मऊ भात खाल्ला, बाहुलीच्या मांडीला पट्टी बांधली. लाली मात्र आणखी पसरल्यासारखी वाटत होती. दवाखान्यात फोन केला. ‘औषधाला ४८ तास द्यावे लागतात,’ असं उत्तर आलं. सल्ला चुकीचा नव्हता. तो लागू होतो औषध योग्य असेल तेव्हा.

तिच्या अंगात होता तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा जंतू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात मुकाट्याने राहतो. पेनिसिलीनला तो पुरून उरू लागला तेव्हा १९५९ साली मेथिसिलीन आलं, आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. एमआरएसए ते हेच. ही औषधं जंतूच्या भिंतीचं बांधकाम थांबवतात. या जंतूकडे बांधकामाचं असं एक प्रथिन असतं, की त्याला ही औषधं नीट चिकटतच नाहीत. पेनिसिलीनचं जवळपास सगळं घराणं तिथे वाया जातं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या रुग्णालयांच्या जाळ्यात तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतूंपैकी अलीकडे ४० टक्क्यांहून अधिक एमआरएसए निघाले आहेत. त्या रात्री साडेआठला औषधाचा अलार्म वाजला. मी पाच मिनिटंही इकडची तिकडे होऊ दिली नाहीत.

२१ तास. रविवार, सकाळी ९

सकाळचं औषध उलटून पडलं. मांडी तुकतुकीत, कडक, गरम. चिऊ पाय टेकवेना. दवाखाना बंद. ग्रामीण रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होत्या, रात्रभर जागलेल्या. त्यांनी सेफ्ट्रिअॅक्सोन टोचलं. त्याचाही या जंतूपुढे इलाज चालत नाही. पण आणखी एक गोष्ट त्यांनी केली. खिशातलं निळं बॉलपेन काढून लालीच्या कडेने रेघ आखली आणि शेजारी वेळ लिहिली, ९.४०. ‘ताई, लाली या रेघेबाहेर गेली, हातपाय गार पडले, शू कमी झाली, यातलं काहीही झालं तर थांबू नका. तडक पुणं गाठा.’

दुपारी चारला लाली रेघेला टेकली होती. बाहेर गेली का? मी उजेडात पाहिलं, नवऱ्याने पाहिलं. ‘टेकलीय फक्त,’ असं आम्ही दोघांनी ठरवलं.

९ तास. रविवार, रात्री ९

लाली रेघेच्या दोन बोटं बाहेर. पोट तापलेलं, तळपाय बर्फासारखे. दुपारपासून शू नाही. हाक मारली की डोळे उघडायची आणि मिटायची. १०८ ला फोन केला.

६ तास. मध्यरात्री १२

चाकणला ट्रकांची रांग. रुग्णवाहिकेत ऑक्सिजनचा आवाज आणि तिचा श्वास, दोन्ही मी मोजत होते. पहिल्या रुग्णालयात मुलांच्या अतिदक्षता विभागात खाट नव्हती.

साडेतीन तास. पहाटे २.३०

दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी तिच्या छातीवर बोट दाबून सोडलं. पांढरा ठसा लवकर भरेना. क्षणात चार माणसं गोळा झाली. रक्ताचा नमुना घेतला, सलाइन ढकललं, व्हँकोमायसिन सुरू केलं. अखेर योग्य औषध. ते तासभर सावकाशच द्यावं लागतं. नळीतून पडणारा थेंब न् थेंब मी पाहिला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर पांढरे डाग होते. जंतू मांडीतून रक्तात आणि रक्तातून तिथे पोचले होते.

सोमवार, सकाळी ६

हृदय थांबलं. चाळीस मिनिटं ते प्रयत्न करत राहिले. पांघरूण सरकलं तेव्हा मांडीवर ९.४० अजून वाचता येत होतं.

बुधवार

रिपोर्ट आला. औषधांची यादी, पुढे आर किंवा एस. जे आर, त्याला जंतू दाद देत नाही. जे एस, त्याला दाद देतो. क्लिंडामायसिनपुढे एस होतं. ते तोंडानेही देता येतं, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं.

१९९९ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटातल्या चार मुलांच्या मृत्यूंचा अहवाल छापला होता. चौघांचा जीव याच जंतूने घेतला. त्यांतलं एक बाळ वर्षाचं होतं, आणि तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या दोन वर्षांच्या बहिणीवर याच जंतूच्या त्वचेच्या संसर्गासाठी उपचार झाले होते. ते वाचून मी दादाला तपासायला नेलं. नाकातून काडी फिरवली. तोच जंतू निघाला. ‘माझ्यामुळे?’ असं त्याने विचारलं. मी त्याला नाही म्हणाले, आणि ते खरंच आहे. त्याचं गळू तपासून घ्यायचं काम आमचं होतं.

डॉक्टरांनी नाकात लावायला म्युपिरोसिनचं मलम दिलं. दिवसातून दोनदा, पाच दिवस. मी अलार्म लावला.