अज्ञान व्यक्तींचा मानसोपचारार्थ प्रवेश : भारतातील सुनावणी
१८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस (कायद्याच्या परिभाषेत ‘अज्ञान’, हा शब्द समजुतीविषयी नसून केवळ वयाविषयी आहे) मानसोपचारासाठी रुग्णालयात दाखल करण्याची कार्यपद्धती मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८७ मध्ये आहे. त्यापूर्वीच्या १९८७ च्या अधिनियमानुसार सक्तीच्या प्रवेशाचा आदेश दंडाधिकारी देत असे. आता अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे सामान्यतः कायदेशीर पालक, करतो आणि दोन तज्ज्ञांनी, ज्यांत एक मानसोपचारतज्ज्ञ असावाच लागतो, स्वतंत्रपणे तपासून प्रवेश अत्यावश्यक ठरविल्यावरच मूल दाखल होते. त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवतात व प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती पूर्णवेळ सोबत राहते. मुलीसोबत स्त्रीच असावी लागते.

न्यायिक अंकुश त्यानंतर येतो. रुग्णालयाने ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळास कळवावे लागते. जिल्हा न्यायाधीश वा त्या दर्जाची व्यक्ती या मंडळाची अध्यक्ष असते. प्रवेशास आव्हान देणारा अर्ज मंडळाने ७ दिवसांत निकाली काढावा, सुनावणी बंद दालनात व्हावी आणि पक्षकारास वकिलामार्फत बाजू मांडता यावी, असे बंधन आहे. मुक्काम ३० दिवसांपलीकडे गेल्यास पुनर्विलोकन अनिवार्य ठरते. मात्र त्यात कागदपत्रांची छाननी सक्तीची असून मुलाची मुलाखत ‘आवश्यक वाटल्यास’ घ्यायची असल्याने, ज्याच्याविषयी निर्णय होतो त्याचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकले जाईलच याची हमी मिळत नाही. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.