बतावणीतील प्रत्युत्तर आणि हास्य : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील तमाशाच्या अनुषंगाने

मराठी तमाशाचा अभ्यास आजवर मुख्यतः लावणी आणि वग या दोन अंगांनी झाला आहे. ते स्वाभाविकही होते. लावणी शाहिरांच्या बाडांत लिहून ठेवलेली सापडते, वगाला कथानक असते. दोहोंनाही काही एक संहिता आहे. बतावणीला मात्र ती नाही, आणि जिला संहिता नाही ती कला वाङ्मयेतिहासकाराच्या दृष्टीतून सहज निसटते. तथापि उघड्या माळावर रात्रभर बसलेला श्रोतृसमुदाय ज्या क्षणी एका आवाजात हसतो, तो क्षण बहुधा बतावणीतलाच असतो. एकाने काही बोलावे, दुसऱ्याने त्याचेच शब्द उलटवून उत्तर द्यावे आणि सारा जमाव हसावा, ही घटना दिसावयास साधी आहे. तिची कारणमीमांसा तितकीशी साधी नाही.

या विचारासाठी जुन्नर व आंबेगाव हे तालुके निवडण्यास सबळ कारण आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातील गाव ‘तमाशाची पंढरी’ म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक येथे राहुट्या टाकतात आणि गावोगावचे पंच येऊन आपापल्या जत्रेची सुपारी देतात. चैत्र-वैशाखातील जत्रांचे जे मोठे चक्र पश्चिम महाराष्ट्रात फिरते, त्याचा आस काही प्रमाणात या राहुट्यांत आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड येथलाच. भाऊंची कन्या विठाबाई (१९३५–२००२) यांना १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतिपदक मिळाले, व पुढे त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने तमाशा-कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात फडांच्या राहुट्या नाहीत, पण श्रोते आहेत. नागापूरच्या थापलिंग गडावरील खंडोबाच्या पौषी यात्रेपासून लहानसहान ग्रामदैवतांच्या जत्रांपर्यंत. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. जत्रा मात्र पुनर्वसित वस्त्यांबरोबर स्थलांतर करू शकतात, आणि जत्रेबरोबर तमाशाही.

गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा रूढ क्रम. यांपैकी वग हे सर्वांत अलीकडचे अंग होय. सावळजकर उमाबाबूंचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग १८६५ मधला मानला जातो. गवळणीत कृष्ण व पेंद्या मथुरेच्या वाटेवर गौळणींना अडवितात आणि त्यांची म्होरकी मावशी, जिचे काम पुरुषच करतो, त्यांना तोंड देते. वगात राजा व त्याचा प्रधान वा शिपाई यांच्यामध्ये तोच खेळ चालतो. अशा रीतीने बतावणी हे क्रमातील एक स्थान असले तरी तिचा स्वभाव पुढेमागे सर्वत्र पसरलेला असतो. सोंगाड्या जेथे उभा असेल तेथे बतावणी, असे म्हटले तरी चालेल.

तिची रचना स्पष्ट व्हावी म्हणून तिच्या धाटणीची दोन-तीन उदाहरणे कल्पून घ्यावीत. राजा विचारतो, “प्रधानजी, राज्याची हालहवाल काय?” सोंगाड्या उत्तरतो, “हाल रयतेकडं हायेत महाराज, हवाला सावकाराकडं.” कृष्ण विचारतो, “मावशी, कुठं निघालात?” मावशी म्हणते, “वय निघालं पुढं, त्याला गाठाया निघाले.” राजा अभिमानाने सांगतो, “आमच्या राज्यात कुणी उपाशी झोपत नाही.” सोंगाड्या मान डोलावतो, “खरं हाय महाराज. उपाशीपोटी झोप येतीया कुणाला?”

संस्कृत साहित्यशास्त्राला हा प्रकार अपरिचित नव्हता. नवव्या शतकातील रुद्रटाने वक्रोक्ती या अलंकाराचे लक्षणच असे केले आहे की, वक्त्याने एका अर्थाने उच्चारलेले वचन उत्तर देणाऱ्याने हेतुपुरस्सर दुसऱ्या अर्थाने घ्यावे. हे श्लेषाने साधते किंवा काकूने, म्हणजे स्वराच्या फिरवणीने. मम्मटाने हेच लक्षण पुढे स्वीकारले. हालहवाल या शब्दाची फोड करून दिलेले उत्तर हा सभंगश्लेषाचा सरळ नमुना आहे. रूपकप्रकारांपैकी वीथीच्या तेरा अंगांत वाक्केली नावाचे अंग सांगितले आहे, तेही उक्तिप्रत्युक्तीच्या खेळाचेच. यावरून सोंगाड्याची परंपरा थेट नाट्यशास्त्रातून आली असा निष्कर्ष काढण्याचा मोह काही अभ्यासकांना होतो. तो आवरलेला बरा. ज्यांनी बतावणी घडविली त्या मांग, महार, कोल्हाटी इत्यादी समाजांतील कलावंतांना शास्त्रग्रंथांची दारे बंद होती. शास्त्राने येथे फक्त नाव पुरविले आहे, आणि तेही अपुरे. उपाशी झोपण्याच्या उदाहरणात एकही शब्द दुअर्थी नाही. राजाचा भर ‘उपाशी’वर होता, सोंगाड्याने तो ‘झोपत नाही’वर सरकविला, एवढेच. त्यास काकू म्हणावे तर ओढाताण होते. विधान मान्य करूनच ते पाडले जाते. मान्यतेत खंडन दडलेले असते. बतावणीचे उत्तम प्रत्युत्तर बहुशः याच जातीचे असते.

मग माणसे हसतात ती कशामुळे? युरोपीय विचारवंतांची उत्तरे प्रसिद्ध आहेत. सतराव्या शतकात हॉब्जने हास्याचे मूळ स्वतःच्या श्रेष्ठत्वाच्या अकस्मात जाणिवेत शोधले. कांटने १७९० मध्ये, ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरते तेव्हा हसू येते असे प्रतिपादिले. बर्गसाँने १९०० मध्ये सजीव माणसाच्या वागण्यात दिसणाऱ्या यांत्रिक ताठरपणावर बोट ठेवले, आणि फ्रॉइडने १९०५ मध्ये विनोदाला दडपलेल्या प्रवृत्तींची पळवाट मानले. आपल्याकडे भरताने हास्यरसाची कारणे सांगताना विकृत वेष, विकृत अलंकार, असंबद्ध बोलणे इत्यादींची गणना केली आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्या प्रेक्षकांच्या प्रकृतिभेदानुसार लावल्या. उत्तमांनी स्मित करावे, अधमांनी खदखदून हसावे, अशी ती व्यवस्था. जत्रेतील मांडवाने ती कधीच मानली नाही.

यांपैकी कांटची मीमांसा बतावणीला सर्वांत जवळची वाटते, आणि तीच सर्वांत लवकर अडखळते. अपेक्षाभंग हे हास्याचे कारण असेल तर तेच उत्तर दुसऱ्यांदा ऐकताना हसू येता कामा नये. प्रत्यक्षात जत्रेच्या प्रेक्षकाला कृष्ण काय विचारणार आणि मावशी काय म्हणणार हे पुष्कळदा ठाऊक असते. गवळणीचा साचा पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. तरीही तो हसतो. किंबहुना उत्तर येण्याच्या आधीच, सोंगाड्याने टोपी सारखी केली की, हसू लागतो. तेव्हा येथे चकित होणे गौण आणि वाट पाहणे मुख्य आहे. राजाचे वाक्य पूर्ण होताच त्यात फट आहे हे श्रोत्याला दिसते. ती कोणीतरी बोलून दाखवील काय, एवढाच प्रश्न उरतो. सोंगाड्या ती बोलून दाखवितो. हसणारा हा अनपेक्षित गोष्ट ऐकून हसत नाही, आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून, चारचौघांत, निर्भयपणे उच्चारली गेली म्हणून हसतो.

‘चारचौघांत’ हा शब्द येथे महत्त्वाचा. बर्गसाँने हास्य हे नेहमी समूहाचे असते असे जे निरीक्षण नोंदविले, ते हॉब्जच्या सिद्धांतापेक्षा या ठिकाणी अधिक उपयोगी पडते. मांडवात पुढे बसतात ते गावचे कारभारी. एके काळी पाटील-कुलकर्णी, आता सरपंच व पंच. सुपारीचे पैसे त्यांनीच उभे केलेले असतात. मागे रयत. रंगमंचावर उभा असलेला कलावंत गावकुसाबाहेरच्या वस्तीतला असतो. दिवसा ज्याने पाटलाच्या शब्दाला शब्द दिला नसता, तो रात्री राजाला उत्तर देतो, आणि ते उत्तर पाटलाने भरलेल्या सभेत, पाटलाच्याच पैशाने दिले जाते. पाटलाला रागावता येत नाही, कारण राग दाखविला तर राजा कोण हे त्यानेच कबूल केल्यासारखे होते. शिवाय उत्तरातला एकही शब्द सोंगाड्याचा नसतो. सारे शब्द राजाचेच, त्याने फक्त ते परत केलेले. प्रत्युत्तराची ही कायदेशीर बाजू, तिला असे म्हणता येईल तर, फार चतुर आहे. पाटीलही हसतो. त्याच्या हसण्यात आणि मागच्या हसण्यात भेद असतोच, पण आवाज एकच असतो.

विरोधकाचे शब्द अक्षरशः घेण्याच्या या युक्तीची एक आठवण याच भूमीत आहे. जुन्नर तालुक्यातील आळे येथे ज्या रेड्याची समाधी दाखवितात, त्याची कथा अशी की, पैठणला कोणी कुचेष्टेने म्हणाले, या रेड्याचेही नाव ज्ञाना आहे. ज्ञानेश्वरांनी ती कुचेष्टा खरी मानून उत्तर दिले आणि रेड्यामुखी वेद वदविले. रचना बतावणीचीच, केवळ फळ निराळे. तेथे श्रोते हसले नाहीत, ओशाळले.

या शस्त्राची धार एकोणिसाव्या शतकात जाणीवपूर्वक वापरली गेली. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ या नाटकात विदूषकाला टीकाकाराचे काम दिले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाल्यावर त्याचे एक बळकट केंद्र जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे उभे राहिले. भटाशिवाय लावलेल्या लग्नांवरून ग्रामजोशाच्या वतनी हक्काचा वाद १८८० च्या दशकात तेथूनच न्यायालयात गेला. पुढे सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा साचा उचलला व आशय बदलला. गणातील गणपती या शब्दाची फोड करून गणांचा पती, म्हणजे लोकांचा पुढारी, असा अर्थ लावण्यात आला. हाही सभंगश्लेषच, मात्र त्यामागे आता चळवळ होती.

राज्यसंस्थेला बतावणीचे मर्म अभ्यासकांच्या आधी उमगले असावे, असे पुढील इतिहासावरून वाटते. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विचार केला, बंदी उठली, पण संहिता आधी तपासून घेण्याची अट राहिली. लावणी तपासता येते, वगही तपासता येतो. आयत्या वेळच्या उत्तराची संहिता कोठून आणावी? फडांनी कागदावर काहीतरी लिहून दिले असणारच, परंतु त्या कागदाचा आणि रात्रीच्या बोलण्याचा संबंध नाममात्र राहिला. आणि समजा ‘उपाशीपोटी झोप येतीया कुणाला’ हे वाक्य तपासनिसापुढे आलेच, तर त्यात खोडण्याजोगा शब्द कोणता?

तथापि संहितेचा परिणाम झालाच नाही असे नाही. शहरी रंगमंचावर आलेले लोकनाट्य हे लिखित होते. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये आले. दादा कोंडके यांनी त्यात प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवरील कोट्या भरल्या आणि छापील शब्द पुन्हा सैल केला. ‘गाढवाचं लग्न’मधील दादू इंदुरीकरांची सावळ्या कुंभाराची भूमिकाही अशाच उत्स्फूर्ततेसाठी गाजली. लिहिलेले प्रत्युत्तर आणि सुचलेले प्रत्युत्तर यांत श्रोत्याला फरक कळतो, तो का कळतो हे सांगणे कठीण. परंतु नटाची नजर कोणाकडे जाते यावरून बहुधा कळत असावा.

बतावणीचे गुणगान करताना एक गोष्ट झाकता येत नाही. प्रत्युत्तर नेहमीच वरच्या दिशेने जाते असे नाही. गवळणीतील पुष्कळ हशा स्त्रीदेहावर, मावशीच्या वयावर, नाच्याच्या बायकी हालचालींवर बेतलेला असतो. तेथे मागची रयतही पाटलाच्या बाजूला बसते. युक्ती तीच, शब्दफोड तीच, हशा तितकाच मोठा. लोककलेच्या कैवाऱ्यांनी हा भाग खेड्यातील मोकळेपणा म्हणून उडवून लावावा, हे पटण्यासारखे नाही. दौलतजादा करणाऱ्याला उलट उत्तर देणाऱ्या नर्तकीला त्या मोकळेपणाची किंमत ठाऊक असते.

आता हाच खेळ हातातील दूरध्वनी-संचावर चालू आहे. एखाद्या पुढाऱ्याचे चित्र घ्यावयाचे, त्याचेच वाक्य त्याखाली लिहावयाचे आणि एका शब्दाच्या फेराने ते त्याच्यावर उलटवावयाचे; मीम या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार वाक्केलीच्या व्याख्येत फारशी ओढाताण न करता बसतो. साचा सर्वांना ठाऊक असणे हे येथेही हास्याला मारक नसून पोषक आहे. एकच चित्र शंभर वेळा नव्या मजकुरासह आले तरी लोक हसतात, जसे गवळणीला हसतात. मात्र पाहणारा एकटा असतो. शेजारी कोण हसले, पुढे बसलेल्याने मान खाली घातली की नाही, हे त्याला कळत नाही; म्हणून तो ते दुसऱ्याला पाठवितो आणि त्याच्या हसण्याची खूण येण्याची वाट पाहतो. उत्तर देणाऱ्याचे नावही बहुधा हरवलेले असते. सोंगाड्याला ती सोय नव्हती. उत्तर दिल्यावर त्याला त्याच मांडवात पहाटेपर्यंत उभे राहावे लागे आणि सकाळी त्याच पंचांकडून उरलेली बिदागी घ्यावी लागे.

म्हणूनच फडातला जाणता सोंगाड्या दुपारी गावात गाडी लागताच आधी चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. सरपंच कोण, ओढ्यावरचा पूल कितव्यांदा वाहून गेला, पाण्याचा टँकर कोणाच्या दारात आधी थांबतो, एवढे त्याला रात्रीपूर्वी कळून घ्यावयाचे असते. राजाच्या तोंडी कोणता प्रश्न घालावयाचा हे तेथेच ठरते.