फिओक्रोमोसायटोमा : निदान व उपचारांचा इतिहास

अधिवृक्क ग्रंथीच्या मध्यकातील कोशिकांपासून (पेशींपासून) उद्भवणारे व ॲड्रेनॅलीन, नॉरॲड्रेनॅलीन ही हॉर्मोने अतिप्रमाणात स्रवणारे विरळा अर्बुद. क्रोमियमाच्या लवणांनी या कोशिका काळपट होतात. त्यावरून लूटव्हिख पिक यांनी १९१२ मध्ये हे नाव दिले. डोके ठणकणे, घाम सुटणे, छाती धडधडणे व रक्तदाब एकाएकी वाढणे ही लक्षणे झटक्यांनी येतात. मधल्या काळात रक्तदाब प्राकृत असू शकत असल्याने रोग सहज दुर्लक्षित राहतो.

फ्रायबुर्क येथे फेलिक्स फ्रेंकेल यांनी १८८६ मध्ये वर्णिलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही ग्रंथींतील अर्बुदे मृत्यूनंतरच आढळली. १९२६ मध्ये लोझानला सेझार रू व अमेरिकेतील रॉचेस्टरला चार्ल्स मेयो यांनी असे अर्बुद यशस्वीपणे काढले. मात्र त्याचे स्वरूप आधी ओळखले गेले नव्हते. शस्त्रक्रियेपूर्वी अचूक निदान १९२९ मध्ये मॉरिस पिंकॉफ्स यांनी केले. १९५० मध्ये उल्फ फोन ऑयलर व त्यांच्या सहकाऱ्याने मूत्रातील हॉर्मोनांच्या मापनाचा निदानासाठी उपयोग दाखविला. आता मूत्रातील वा रक्तद्रवातील मेटानेफ्रिनांचे मापन केले जाते व त्यानंतर प्रतिमादर्शनाने अर्बुदाचे स्थान निश्चित करतात.

शस्त्रक्रियेत अर्बुद हाताळले जाताच हॉर्मोनांचा लोंढा रक्तात येऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणून आधी एक-दोन आठवडे आल्फारोधक औषधे, पुरेसे मीठ व द्रवपदार्थ देतात. बीटारोधक, गरज भासल्यास, त्यानंतरच. हा क्रम उलटल्यास रक्तवाहिन्यांचे आकुंचन अनिर्बंध होऊन रक्तदाब धोकादायक वाढतो. अर्बुद काढल्यावर तो एकदम उतरण्याचा संभव असल्याने देखरेख आवश्यक असते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५० रुग्णांच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश जणांत आनुवंशिक जनुकदोष आढळला. फ्रेंकेल यांच्या रुग्णाच्या कुटुंबातील हयात नातेवाइकांतही असा दोष असल्याचे २००७ मध्ये दाखविण्यात आले. त्यामुळे एका रुग्णाच्या निदानाबरोबर त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांचीही तपासणी निकडीची ठरते.

हॉर्मोनमापन व जनुकीय परीक्षा मोठ्या शहरांत होत असल्या, तरी रोगाचा पहिला सुगावा रुग्णाच्या गावीच लागू शकतो. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी झटका चालू असताना व तो ओसरल्यावर घेतलेली रक्तदाबाची नोंद आणि कुटुंबातील अकाली मृत्यूंची विचारपूस, एवढ्यावरून रुग्णाला वेळीच पुढे पाठविता येते.